फिजोआच्या बिअरचा भाव आणि माझी ओली साडी

मी, विभावरी रवींद्र टिपणीस, वय ७२ वर्षे, पुण्याच्या सरकारी अन्नतपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त रसायनतज्ज्ञ, सध्या मुक्काम मुलगा मकरंद याचे घर, न्यू लिन, ऑकलंड, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, मला इंग्रजी उत्तम येते. परंतु कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी त्या भाषेत मुख्यतः माफी मागायला शिकवले. आज माफी मागायची नसल्याने मराठीत सांगते आहे. दुभाषी हजर आहेत.

काल शनिवारी दुपारी अडीचला मी व माझ्या विहीणबाई सरोजताई बेसबॉलचा सामना पाहायला गेलो. खेळ कळला नाही. बिअरच्या स्टॉलवरची पाटी कळली. साधी अकरा डॉलर, काळी चौदा, मानुका नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडाच्या धुरावरची पंधरा, फिजोआ या पेरूसारख्या हिरव्या फळाची सतरा. मी बिअर तोवर फक्त प्रयोगशाळेत, सील लावलेली पाहिली होती.

स्टॉल कांचन नावाची मराठी बाई सांभाळते. दारू विकण्याचा परवाना तिच्या नावावर आहे. मी विचारले, फिजोआ इथे अंगणोअंगणी सडतात, लोक बादल्या भरून फाटकाबाहेर फुकट ठेवतात, मग सतरा डॉलर कशाचे? ती म्हणाली, "काकू, फळ फुकट. सोलणारे हात तासावर असतात." उत्तर पटले. काळीला रंग कशाने येतो, धूर पाण्यात कसा उतरतो, हेही तिने न कंटाळता सांगितले.

चव पाहायला चार लहान ग्लासांचा ट्रे मिळतो, बावीस डॉलर. दोघींत एकच घेतला. एकमेकींचे उष्टे नको म्हणून ग्लासाला ओठ न लावता वरून प्यायलो. काळी काढ्यासारखी लागली. चौथ्या ग्लासाच्या वेळी वारा आला आणि फिजोआ हनुवटीवरून साडीवर गेली. सरोजताई म्हणाल्या, "झाला अभिषेक." आम्ही हसलो.

तेवढ्यात मैदानाचा सुरक्षारक्षक आला. बहिऱ्याशी बोलावे तसे तोडून तोडून म्हणाला, "डिअर, तुम्हाला जास्त झाली आहे." मला सरळ रेषेत चालायला लावले. माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे. मी चहा पिऊनही सरळ चालत नाही. हे त्याने ऐकून घेतले नाही. झिंगलेल्या बाईला दारू दिली असा ठपका ठेवून त्याने तीन वाजून दहा मिनिटांनी स्टॉल बंद करवला. कांचनचा परवाना यात जाऊ शकतो, असे मला आज इथे समजले. तिने मला दोष दिला नाही. साडी पुसायला कागदी रुमाल दिले.

ओठ न लावता पिता येते यावर जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. म्हणून मी ठाण्यातल्या ग्लासाने पाणी पिऊन दाखवले. दोनदा थेंब सांडला नाही, तिसऱ्यांदा गळ्यावर गेले. मग अधिकाऱ्यांनी स्वतः करून पाहिले. त्यांचा शर्ट खिशापर्यंत भिजला. ते कामावर होते व पूर्ण शुद्धीत होते, याला मी साक्षीदार आहे.

वरील मजकूर दुभाष्यांनी मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. शर्टाचे वाक्य गाळावे का, असे मला विचारण्यात आले. ते गाळू नये.

सही: वि. र. टिपणीस