टिकेल का ती कंपनी

नाही, ते मला विचारू नका. तिकीट काढून देतो — पुणे-दिल्ली, बारा तारीख, सकाळचं विमान — पण ही विमानकंपनी दिवाळीपर्यंत टिकेल का, दुसरीत विलीन होईल का, ते मी सांगणार नाही. पेपरात आलंय? येणारच. या दोघी एक होणार, मग तिसरी मोठी त्यांना गिळणार — दर सोमवारी नवं लग्न लावतात ते. बसा, प्रिंटर सावकाश आहे आमचा. बुधवार पेठेत बावीस वर्षं तिकिटं विकतोय, पूर्वी कोणी विचारायच्या आत सांगायचो. आता नाही सांगत. का म्हणजे — आहे कारण.

दोन वर्षांपूर्वी माझी मामेबहीण मंदाकिनी तुमच्याच खुर्चीत बसली होती. तिच्या सुरुचीला एक मुलगा सांगून आला होता — अवधूत, लोहगावला विमानतळावर, याच कंपनीच्या काउंटरवर. पत्रिका जुळलेली, मुलीला पसंत, फक्त नोकरीची चौकशी राहिली होती. ती कोणाकडे करणार? माझ्याकडे. विमानांतलं मला कळतं ना. मी म्हटलं, ती कंपनी? सहा महिन्यांत विकली जातेय, आणि काउंटरवरची माणसं पहिली काढतात. आतली बातमी आहे म्हणालो. कसली आतली — सकाळी चहाबरोबर वाचलेला पेपर, त्यानंही नुसती शक्यता म्हटलं होतं. मोडलं ते लग्न. मोडण्याआधी, त्याच संध्याकाळी, सुरुची स्वतः आली — मामा, नक्की ना? एवढंच विचारलं तिनं. तेव्हा तरी सांगायचं की नाही मी, की अगं, अंदाज आहे नुसता? नाही सांगितलं. पेपरची घडी घातली आणि म्हटलं, बघ बाई, तुझं तू. आता एकतीस पूर्ण झाली तिला, स्थळाचं नाव काढलं की उठून आत जाते. आणि कंपनी? उडतेय की. तिचंच तर तिकीट काढतोय तुमचं.

चूक होते माणसाची, म्हणताय. चूक नव्हती हो ती. आठवडाभर आधी तो अवधूत इथं आला होता, ओळख करून घ्यायला. चांगल्या मनानं म्हणाला, मामा, आमची तिकिटं आता नेटवर मिळतात, एजंट लागतच नाही. समोर तीन गिऱ्हाईकं बसलेली, त्यातलं एक हसलं. लागलं मला. फार लागलं — आणि मंदाकिनीनं विचारलं तेव्हा ते हसणंच आठवत होतं. हे आमच्या हिलासुद्धा बोललेलो नाही, तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे. लाज वाटते, एवढंच.

झालं तिकीट. नाव नीट बघून घ्या, नंतर बदलत नाहीत. बरं, वारज्याहून इतक्या लांब आलात, माझा पत्ता कोणी दिला? विमानतळावर? काउंटरवरच्या — कोणी?

म्हणजे माझ्यामुळे मोडलं, हे अवधूतला कोणी सांगितलंच नाही. काय म्हणाला? बुधवारातल्या मामांना विचारा, खरं काय ते सांगतात. असं म्हणाला. लग्न झालंय का हो त्याचं? नाही विचारलंत. बरोबर, तुम्ही कशाला विचाराल.

घ्या, निघा आता. दुकान बंद. एकला बंद होतं ते माहितेय मला, पाटी मीच लावलीय. आज पावणेएकला बंद. आणि त्याला सांगा — नको. काही सांगू नका. उठा, पंखा बंद करतोय मी.