झाकनाला हात नको

माझं माहेर कशेडी घाटाच्या खालचं, आनि दिली ती हितं, पोलादपुरातनं आंबेनळीकडं वर जाताना वाडी लागते तितं. अर्ध्या घरांना कुलपं, मानसं मुंबईला. मी म्हटलं मी नाय जायाची, हितंच काय तरी करीन, म्हनून बटेर पाळली, लाव्यासारखी बारकी पाखरं, इकायला. पयली पिल्लं महाडास्नं आनायची, सुपारीएवढी ती, वाटंतच गारठून मरायची. मंग आमच्या बायकांच्या गटानं उबवनीची मशीन आनली, म्हनल्या, सुलभा, तुझा हात हलका, तू सांभाळ.

हे बटेर अंड्यावर बसत नाय, त्याची जातच तशी, म्हनून मशीन. काय सांगू तुमाला, पंधरा दिस मी ती अंडी हातानं फिरवली, मुतायला सुदा घड्याळ बघून गेली. मंग झाकन लावलं. लावलं ते लावलं, पिल्लं भायेर येऊन सुकेपर्यंत उघडायचंच नाय. उघडलं का आतली ओल जाते, अंड्यातला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो, आनि ते आतच अडकतं.

तवाच शिमग्याला धाकले दीर आले मुंबईहून, जाऊबाईला घेऊन. म्हटलं, भावजी, झाकनाला हात नको. हो हो वैनी, म्हनले. मी खडूनं झाकनावर लिवलं पन, आनि पिल्लांचं खाद्य आनायला महाडला गेली. येऊन बघते तर झाकन सताड उघडं, जाऊ मोबाइल धरून माहेरच्यांना दाखवतेय, आनि हा नखानं अंडं सोलतोय! म्हनला, वैनी, बिचारी अडकलीत, सोडवतोय. सकाळपास्नं इसदा उघडलं व्हतं त्यानी. पिल्लू वेळ झाली का आपलं आपन येतं हो, ओढून काढलं का रगत येतं. त्याच्या तळव्यावर चार पिल्लं, बेंबी लाल, माना टाकलेल्या.

माझ्या तोंडातनं गेलं, अरे मेल्या, काय केलंस हे! झालं. पिल्लं मेली ते ऱ्हायलं बाजूला, भावजींना मेल्या म्हनली याचाच वाडीभर बोभाटा. मालक म्हनले, पावना हाय, तोंड आवर. सासू म्हनली, किड्यामुंगीएवढी पाखरं, त्यासाठी सख्ख्या दिराला बोलतेस? आनि दुसऱ्या दिशी गटाच्या बायका पिल्लं न्यायला टोपल्या घेऊन ओटीवर, पिल्लांना ऊब म्हनून घरी पेटीत बल्ब लावून आलेल्या. त्यांना काय दाखवू, वाचलेली मरतुकडी नऊ पिल्लं? गटातली सखूकाकी रिकामीच टोपली उचलून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मंग मी परत अंडी लावली, पिल्लं काढली, सगळ्यांच्या घरी नेऊन दिली, सखूकाकीला पयली. आता खोलीला कुलूप, चावी माझ्या कमरंला, मालकांना सुदा देत नाय. राग गेला का इचारता? नाय गेला. तो अजून सांगतो, मी पिल्लं वाचवत व्हतो. पन दीर हाय, वाईट कसं चिंतू? देव त्याला शंभर वर्सं आयुष्य देवो, आनि त्यातल्या एका बी दिशी त्याचा हात माझ्या मशीनला न लागो.