कार्ड होतं, पण माझ्या नावाचं

...नाही, कार्डच नव्हतं असं नाही. कार्ड होतं हो, पण माझ्या नावाचं. आणि पोटात दुखत होतं मुरिएलच्या, माझ्या बायकोच्या. आता हे त्या स्पॅनिश दवाखान्यातल्या खिडकीमागच्या बाईला कसं समजावायचं, तुम्हीच सांगा. मी इंग्लंडात हलच्या बंदरावर चाळीस वर्षं मासळीच्या पेट्या उचललेला माणूस, मला आमच्या मुकादमाशी धड बोलता यायचं नाही...

आमचं सरकार ते कार्ड देतं बघा, परदेशात दुखलंखुपलं तर तिथल्या सरकारी दवाखान्यात तिथल्याच माणसासारखं बघतात. माणशी एक. मुरिएलने चार वर्षांपूर्वी अर्ज भरला तो एकच. का? तर म्हणे, "विल्फ, हृदय तुझं नाजूक. मला काय धाड भरलीय?" एक्कावन्न वर्षं माझ्या गोळ्या हिच्या पर्समध्ये, मी शिंकलो की खिडकी ही लावणार. आजारी पडायचं काम आमच्या घरात माझ्याकडे.

आणि तुम्हाला सांगतो, स्पेनला सुट्टीवर गेलो, तर तिसऱ्या दिवशी ही बाई जेवता जेवता ताटावर वाकली, ती सरळच होईना. वर मलाच सांगते, "काही नाही रे, कालचा माकूळ बाधला." माकूळ बाधून माणूस असा चादरीसारखा पांढरा पडतो होय? मी टॅक्सी केली.

तर ती खिडकीतली बाई. कार्ड बघते, मुरिएलकडे बघते, परत कार्ड बघते. "विल्फ्रेड कोण?" इंग्रजी येत होतं तिला. मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. "तुम्हाला काय होतंय, आजोबा?" म्हटलं, "मला काहीच होत नाही. तीच तर पंचाईत आहे."

मागून खुर्चीतून मुरिएल, पोट दाबून धरलेलं, "आधी विचार किती होतील. घर विकावं लागलं तर मी तुझ्या बहिणीकडे राहायची नाही, आत्ताच सांगते." आमच्याकडे सरकारी दवाखाना फुकट, डॉक्टरला पैसे मोजायची सवयच नाही हो कुणाला, त्यामुळे किती होतील याचा अंदाज नाही, आणि अंदाज नाही म्हणून भीतीलाही माप नाही... ती उठायलाच लागली. "चल, हॉटेलवर जाऊ. पडून राहिले की थांबेल." एक्कावन्न वर्षांत मी तिला गप्प बस म्हटलं नव्हतं. तिथे म्हटलं. हळू म्हटलं, पण म्हटलं. बसली.

बाई भली होती. "आजोबा, आजींना आत घेतोय, ते पैशावाचून अडत नाही. पण तुमच्या देशात फोन करा, कार्डाच्या बदल्यात एक कागद पाठवतात. नाही आला तर बिल तुमच्या नावावर." बघा, बिलसुद्धा माझ्याच नावाचं.

फोनवर अर्धा तास नुसता पियानो. मग एक मुलगी आली. "बोला काका. बायकोचा सरकारी विम्याचा नंबर?" माहीत नाही. "बरं, जन्मतारीख?" एप्रिल... सोळा? का सतरा? केक दर वर्षी तीच आणायची हो, मी फक्त मेणबत्त्या पेटवायचो. "काका, बायको तुमचीच ना?" फोन हातात धरून पळालो आत, म्हणजे माझ्या मानाने पळालो. हिच्या हाताला सलाईन, डोळे मिटलेले. कानाशी वाकून विचारलं, "मुरिएल, नंबर काय गं?" डोळे न उघडता तिने घडाघडा सांगितला. तो मी फोनवर सांगितला. मुलगी म्हणाली, "काका, हा तर तुमचा."

मी परत तिच्या कानाशी वाकलो. मग म्हटलं, "तुझा, मुरिएल. तुझा सांग."

तिला आठवायला वेळ लागला.

कागद आला तासाभरात. पित्ताचे खडे होते, बारके बारके, पिशवीच काढली. घर विकावं लागलं नाही. आणि परत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर हिच्या कार्डाचा अर्ज, मी स्वतः, माझ्या हाताने. तीन संध्याकाळी गेल्या, जन्मतारीख सतरा एप्रिल, न विचारता लिहिली. परवा कार्ड आलं. मी मुद्दाम टेबलावर तिच्या बशीशेजारी ठेवलं. तिने उचललं, चष्मा लावला, एकदा नाव वाचलं, बाजूला ठेवलं आणि माझं पाकीट मागितलं.

"तुझं कार्ड मार्चमध्ये संपतंय, विल्फ," म्हणाली, आणि बसली माझा अर्ज भरायला.

मी चहा टाकला.