माऊस, चकतीसकट

— नाही हो, तसं काही नाही, बसा तुम्ही, ती खुर्ची ओढून घ्या — माऊस दाखवतो ना, पळून चाललाय का तो? हा काय, टेबलावरच आहे — हात नका लावू अजून. आधी मला एक सांगा, काल फोनवर तुम्ही चकतीचं का विचारलंत? सहज विचारतोय आपलं. कारण जाहिरातीत मी काय टाकलं होतं — डावखुऱ्यांसाठीचा गेमिंग माऊस, नीट वापरलेला, वजन पंच्याऐंशी ग्रॅम. बस. चकतीचं त्यात नावसुद्धा नाही. आणि तुमचा पहिलाच प्रश्न, चकती आहे का सोबत? किती जुना आहे विचारलं नाहीत, का विकताय विचारलं नाहीत, किमतीची घासाघीस तर नाहीच नाही — मी सांगितली आणि तुम्ही 'चालेल' म्हणालात. अहो, 'चालेल' म्हणणारं गिऱ्हाईक मी उभ्या नोकरीत दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते आमच्याच खात्यानं पाठवलेलं होतं.

नोकरी? वजनमापात होतो. निरीक्षक. चौतीस वर्षं दुकानादुकानातून काटे तपासत हिंडलो. माणूस बघायचा नाही, काटा बघायचा — माणूस गोड बोलतो, चहा मागवतो, मुलांची चौकशी करतो, आणि तागडीच्या पोटाला खालून मेण चिकटवलेलं असतं. मेण झालं, चुंबक झालं, वजनाला खालून भोक पाडून आतलं शिसं काढून घेतलेलं — मापात पाप करायला माणसाचं डोकं जेवढं चालतं ना, तेवढं पुण्य करायला चालत नाही. त्यामुळे सवय लागली. घरातसुद्धा बिस्किटाचा पुडा आला की आधी काट्यावर. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मुद्दाम खिशातला काटा भेट दिला, दशांशापर्यंत दाखवतो. आमची ही म्हणते, लग्नाच्या आधी तुम्ही मला कधी तोललंत ते मला कळलंच नाही. म्हणते आपली. बोलायला काय जातंय — घ्या ना, पाणी घ्या. उजव्या हाताने घेतलंत? डावखुरे ना तुम्ही? — हां, डाव्या हातात मोबाईल आहे होय. बरं, बरं. राग मानू नका, माझी नजर अशीच आहे.

माऊस माझा नाही. माझ्या हातात तो साबणाच्या वडीसारखा सटकतो. पोरीचा आहे. डावरी म्हणायचो मी तिला, घरातलं नाव तेच पडलं. शाळेत बाईंनी सांगितलं, उजव्या हाताने लिहायची सवय लावा, तर मी लावत बसलो वर्षभर, पट्टी घेऊन शेजारी — लागली नाही. हट्टी. मग ते खेळाचं वेड. शूटिंगचा खेळ हो, पाच जणांचा संघ, समोर पाच, धाडधाड. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. उजव्या हाताचे माऊस सगळे, बटणं सगळी डाव्या बाजूला, हिचा अंगठा नेमका उलट बाजूला. कितीतरी वर्षं तशीच खेळली बिचारी. मग पहिल्या पगारातून हा घेतला. ही बघा, अंगठ्याची दोन बटणं उजव्या बाजूला. ज्या दिवशी आला ना, त्या दिवशी ही पोरगी खुर्चीत मांडी घालून नुसता तो टेबलावर फिरवत बसली होती, संगणक सुरूसुद्धा केला नव्हता. मी विचारलं काय करतेस, तर म्हणे, बाबा, पहिल्यांदा माझ्या हाताची वस्तू आली घरात.

क्लिक? क्लिक चांगला आहे. करून बघा — एकदा दाबला की एकदाच वाजतो. नाहीतर लोकांचे अनुभव काय एकेक असतात! मी सगळे वाचलेत. त्या विक्रीच्या साइटवर या माऊसखाली दोनशे बारा जणांनी लिहिलंय. कुणी म्हणतो सहा महिन्यांत डबल क्लिक व्हायला लागला, कुणी म्हणतो चाक करकरतं, कुणी म्हणतो तळवा घामेजतो, एकाने तर लिहिलंय, घेतला आणि बायको माहेरी गेली — आता त्यात माऊसचा काय दोष? आधी मला वाटलं, हे सगळं कंपनीनंच लिहवून घेतलेलं असणार. पण तक्रारी कोण पैसे देऊन लिहवून घेईल? तेव्हा दोनशे बाराच्या दोनशे बारा वाचले, वही घेऊन. का वाचले? — रिकामा असतो ना मी. निवृत्त माणूस.

तुम्ही चकतीकडे बघताय का? आहे, डबीत आहे, देतो. पण आधी सांगा — बरं, नका सांगू. मीच सांगतो, नाहीतर तुम्ही भलतंच काही मनात धराल. या माऊसला खालून झाकण आहे, हे असं, नख घातलं की निघतं. आत बारीक खाच. एके दिवशी सकाळी मी काय केलं, सवयीनं, माऊस काट्यावर ठेवला. खोक्यावर छापलंय पंच्याऐंशी, काटा दाखवतोय नव्वद पूर्णांक चार. पुन्हा ठेवला. नव्वद पूर्णांक चार. आता तुम्हीच सांगा, चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला काय वाटेल? झाकण उघडलं, आत मागच्या खाचेत ही एवढीशी लोखंडी चकती. मी आधी दाराकडे बघितलं, कुणी येत तर नाही ना. कारण पोरगीच आदल्या दिवशी जेवताना सांगत होती, बाबा, उद्या अंतिम सामना, तिथे माऊस तपासतात, आत काही लपवलेलं सापडलं की अख्खा संघ बाद. म्हणजे काय झालं बघा — झाकणाखाली लपवलेलं वजन. माझ्या घरात. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मी लोकांच्या दुकानांना सीलं ठोकली, ती माझ्या पोरीच्या माऊसच्या पोटात.

विचारायचं होतं तिला, बरोबर आहे तुमचं. विचारायला काय तोंड नव्हतं? पण ती अंघोळीला गेलेली, आणि मी म्हटलं, बोभाटा कशाला, पोर आहे, चुकलं असेल, आपण मुकाट काढून ठेवावं. काढली. झाकण लावलं. परत तोलला — पंच्याऐंशी. असं समाधान वाटलं मला, काय सांगू. माझ्या हाताने मी पोरीची अब्रू वाचवली असं वाटलं. डबा भरून दिला तिला आणि वर स्वतःच निघालो सामना बघायला, इस्त्रीचा शर्ट घालून. आयुष्यात पहिल्यांदा. मागच्या रांगेत बसलो, तिला न सांगता.

मोठ्या पडद्यावर दिसत होतं सगळं, खेळही आणि खेळणाऱ्यांचे हातही. खेळ कळत नसला तरी हात कळतो हो. नेम लावायची आणि नेम पुढे सरकायचा. माणूस इथे, आणि हिची गोळी त्याच्या कानाच्या पलीकडे भिंतीत. परत. परत. मध्येच माऊसवरचा हात काढायची, झटकायची, बोटं चोळायची, पुन्हा ठेवायची. संघातली बाकीची पोरं आधी हसत होती, मग एकमेकांकडे बघायला लागली, मग बघेनाशी झाली. हरले. हिच्या एकटीमुळे हरले, असं तिथे सगळे बोलत होते, माझ्या शेजारचा माणूससुद्धा — तो डाव्या हाताने खेळणारा ढेपाळला म्हणे. त्याला ती मुलगी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

घरी आली ती सरळ इथे, याच टेबलाशी बसली. हात असा पुढे धरून बघत होती, जसा दुसऱ्या कुणाचा आहे. म्हणाली, "बाबा, माझा हातच गेला." एवढंच. आणि मी काय बोललो माहितीये? मी म्हणालो, सुटलीस एकदाची त्या नादातून. — तोंडातून गेलं हो. मला वाटलं होतं, वाईट वाटेल, दोन दिवसांनी विसरेल, वर एक फसवणूक टळली ती टळली. ती महिनाभर डॉक्टरकडे जात होती. मनगटाचा फोटो काढला, नसा तपासल्या, काही निघेना. डॉक्टर म्हणाले मनाचं आहे. मग तिनं दूरची नोकरी धरली, माऊस इथेच टाकून गेली. आईशी बोलते रोज. माझा नंबर दिसला की उचलत नाही. आमच्या हिला विचारलं पोरगी काय म्हणत होती, तर ही सांगते, तिकडे ऊन फार आहे.

आणि मग ते अनुभव. खरं सांगतो, मी वाचत होतो ते कंपनीची लबाडी पकडायला. म्हटलं वजन चुकीचं छापलंय, लोकांनी लिहिलं असेल, पुरावा गोळा करून तक्रार ठोकू. एकशे सदुसष्टाव्या अनुभवाला पोचलो. तारीख सामन्याच्या तीन महिने आधीची. तोंडपाठ आहे मला — डावखुऱ्यांनी डोळे झाकून घ्या. माऊस हलका आहे, माझा हात घाईत थरथरतो, म्हणून सोबत मिळणाऱ्या चकत्यांपैकी एक मागच्या खाचेत टाकली, आता हात जागेवर थांबतो. पाच ग्रॅमने काय होतं असं कुणी म्हणेल, पण माझे वडील वजनमापात होते, आमच्या घरात ग्रॅमची किंमत कळते.

सोबत मिळणाऱ्या. म्हणजे खोक्यातच येतात त्या. लपवलेलं काही नव्हतंच. खोकं मी रद्दीत घातलेलं, त्याच्या तळाशी पुडी असणार, मी फक्त वरचा आकडा वाचला. चौतीस वर्षं लोकांना सांगत आलो, लेबल पूर्ण वाचा म्हणून. — त्या अनुभवाखाली एक प्रश्न असतो ना, हा अनुभव उपयोगी पडला का, त्यावर मी 'हो' दाबलं. दुसरं काय करणार होतो? तिथे उत्तर लिहायची जागा होती, चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. आमच्या हिलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, का सांगतोय देव जाणे.

आता बोला. आता तरी बोला, तिनंच पाठवलंय ना तुम्हाला? मी जाहिरात टाकली ती काय विकायला टाकली? मला म्हातारपणी माऊस विकून काय बंगला बांधायचाय? तिला दिसावं म्हणून टाकली. पंच्याऐंशी मुद्दाम लिहिलं. तिला कळेल, नव्वद पूर्णांक चार नाही, पंच्याऐंशी, म्हणजे कुणीतरी चकती काढली. आणि दोन महिने कुणी फिरकलं नाही, आणि काल तुमचा फोन, चकती आहे का. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. म्हटलं कळलं तिला. माणूस पाठवला. बघून ये म्हणाली असेल, बाबा कबूल होतात का. तर झालो मी कबूल, सांगा तिला, तुमच्यासमोर झालो —

काय?

अनुभवात वाचलंत. त्या साइटवर. एकशे सदुसष्टावा. — हो, हो, सगळ्यात वर दिसतो तो आता, लोकांनी 'हो' दाबून दाबून. म्हणून विचारलंत चकती. आणि तिला ओळखत नाही. कुठल्याच डावखुऱ्या मुलीला ओळखत नाही. खरंच? माझ्याकडे बघून सांगा. — नाही ओळखत. कळतं मला, खोटं बोलणारा माणूस पाण्याचा पेला एवढा वेळ हातात धरून बसत नाही. ठेवा तो खाली.

कुणीच पाठवलं नाही म्हणजे.

नाही, न्या तुम्ही माऊस, चकतीसकट न्या, मागच्या खाचेत घाला, पुढच्या नको. पैसे राहू द्या. राहू द्या म्हणतो ना. त्याऐवजी एक काम करा — तुमचा फोन द्या जरा. तुमचा नंबर तिला माहीत नाही, उचलेल. तुम्हीच लावा, मी आकडे सांगतो. आणि तुम्हीच सांगून टाका — म्हणावं, हात गेला नव्हता. वजन कमी होतं. कुणी कमी केलं ते — तेही सांगा. नाही, ते नका सांगू. थांबा, सगळं सांगा. तुम्ही परका माणूस आहात, तुमच्यावर विश्वास ठेवेल ती, माझ्यावर कशाला ठेवेल.

वाजतोय? दोनदा वाजला. कामात असेल. राहू द्या, ठेवून द्या, नंतर —

उचलला? काय म्हणतेय? कोण बोलतंय म्हणून विचारतेय?

द्या इकडे. नाही, द्या. तुम्ही असं करा, जरा बाहेर जिन्यात थांबा. दार लोटून घ्या.

हॅलो. ठेवू नकोस. मी बोलतोय. तुझा हात —