पाऊण इंच

...दोन तास आधी! तुम्हाला सांगतो, माणूस आजारी पडायच्या दोन तास आधी कुणाला कळवतो का? नाही ना? पण स्वतःचं एवढंसं विमान घेऊन, एवढंसं म्हणजे रिक्षाला पंख लावलेत असं वाटावं एवढंसं, ते घेऊन सीमेपलीकडे जायचं म्हटलं की दोन तास आधी सगळं लिहून द्यायचं... कोण येणार, पासपोर्टचा नंबर काय, कुठे उतरणार, किती वाजता, आणि त्यात नंतर एक अक्षर बदललं तर पुन्हा पहिल्यापासून दोन तास! बरं, नियम चुकीचा आहे का? नाही. तेच तर दुखणं आहे. चुकीचा असता तर भांडता आलं असतं.

हे झालं माझ्या साडूचं. दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतो आणि सुट्टीच्या दिवशी आभाळात जातो, म्हणतो तिथे कुणी 'आ' करत नाही. लायसन्स रीतसर, विमान चौघांत मिळून घेतलेलं, कागद सगळे फायलीत. तर त्याची मावशी, आईची धाकटी बहीण, राहते सीमेपलीकडे, आणि तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. दुपारी चारला ऑपरेशन, तीनपर्यंत भेटता येईल. आई म्हणाली, "मला धाकटीला आत नेण्याआधी बघायचंय." मोठ्या विमानाने दोन ठिकाणी बदलत गेलं असतं तर आईच्या गुडघ्यांनी वाटेतच राम म्हटला असता, म्हणून डॉक्टर म्हणाला, मी नेतो. आदल्या संध्याकाळी फॉर्म भरला. माणसं दोन, तो आणि आई. निघणार पावणेदहाला. मंजुरी आली. सगळं कसं चोख.

सकाळी साडेनऊला फ्लाइंग क्लबच्या मैदानावर पोचले, आईला आत बसवलं, पट्टा लावला, आणि सोडायला आलेले वडील, नाना, काही टॅक्सीकडे परत जाईनात. पंखाखाली उभे. काखेत एक लांब नळकांडं, नकाशे ठेवतात ना तसलं. डॉक्टरला वाटलं छत्री आहे.

"नाना, आता मागे व्हा, पंखा फिरेल."

"मीही येतो."

डॉक्टरला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कारण नाना आणि मावशी अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अकरा वर्षं! फोन वाजला आणि पलीकडे मावशी असली तर नाना रिसीव्हर टेबलावर असा ठेवायचे, जसा काही ओला आहे. भांडण कशावरून? जिन्यावरून. नाना आयुष्यभर ड्राफ्ट्समन, सरकारी इमारतींचे नकाशे काढले, आणि मेव्हणीने घर बांधलं तेव्हा जिना त्यांनीच आखून दिला, उभं राहून बांधूनही घेतला. त्या जिन्याच्या सातव्या पायरीवर मावशी पडली, पाय मोडला, आणि भरल्या घरात म्हणाली, "भावोजी, तुमची सातवी पायरी उंच झालीय." नाना म्हणाले, "पायरी बरोबर आहे, तू वर बघून चालतेस." झालं. त्यावर अकरा वर्षं.

"पण नाना, तुमचा पासपोर्ट..."

नानांनी खिशातून काढून दिला. कोरा करकरीत. दोन वर्षांपूर्वी गुपचूप नवा करून घेतलेला, आणि घरात कुणाला पत्ता नाही. डॉक्टर त्या पासपोर्टकडे बघत राहिला आणि नाही म्हणायचं त्याच्या तोंडावर आलं होतं ते राहूनच गेलं.

मग फोन केला सीमेच्या कचेरीत. तिथला माणूस इतका सभ्य, इतका सभ्य की राग आला तरी ठेवायला जागा नाही.

"सर, फॉर्ममध्ये दोन माणसं आहेत."

"हो, आता तीन आहेत."

"मग नवीन फॉर्म, सर. निघण्याच्या दोन तास आधी."

"अहो, तिसरे म्हणजे माझे वडीलच आहेत."

"सर, वडील प्रत्येकालाच असतात."

बरं, नियम चुकीचा आहे का? नाही. नऊ चाळीसला नवीन फॉर्म गेला, म्हणजे निघायचं अकरा चाळीसला, पोचायची वेळ लिहिली एक चाळीस. आईला पट्टा सोडून पुन्हा खाली उतरवलं, तिचे गुडघे कुरकुरले पण ती नाही. क्लबच्या खोलीत तिघं बसली. एक घड्याळ, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हवामानाचा तक्ता. डॉक्टर दर पाच मिनिटांनी उठून वारा बघून येतोय, मनात सारखा हिशेब, एक चाळीसला उतरलो, वीस मिनिटं तपासणी, दहा मिनिटं टॅक्सी, दोन दहा, जमेल, जमेल... आणि नाना नळकांडं मांडीवर घेऊन बसलेले. आईने एकदाच विचारलं, "त्यात काय आहे?" नाना म्हणाले, "कागद." पंचेचाळीस वर्षांचा संसार, कुठे थांबायचं ते तिला ठाऊक.

तर निघाले अकरा चाळीसला. आणि आता ऐका, वर गेल्यावर पाठीमागून वारा लागला. पायलटला पाठीचा वारा म्हणजे आनंद, हो ना? त्या वाऱ्याने हे लोक सव्वा वाजता उतरले, पंचवीस मिनिटं लवकर. पण लवकर पोचणं हाही घोटाळाच, कारण अधिकारी येणार फॉर्मवर लिहिलेल्या वेळेला, आणि तो येईपर्यंत कुणी पाय खाली ठेवायचा नाही. पाय ठेवला तर दंड, लायसन्सही जाऊ शकतं. पिवळ्या रेघेच्या आत विमान उभं, वरून ऊन, आत तीन माणसं घामाने निथळतायत, आणि समोर इमारतीच्या खिडकीत एक बाई शांतपणे कपातून काहीतरी पितेय. तीच अधिकारी. दिसतेय. हात केला तर तिनेही हात केला. पण यायची वेळ तिची एक चाळीस.

आणि तेवढ्यात डॉक्टरच्या मोबाइलवर मावसबहिणीचा मेसेज. 'आधीच्या पेशंटचं रद्द झालं. आईला दोनला आत नेतायत. कुठे आहात?'

एक वाजून बावीस मिनिटं.

डॉक्टरने मेसेज मोठ्याने वाचला नाही. पण आईने त्याचा चेहरा वाचला. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. मला तो नंतर म्हणाला, "अरे, मी कडी अर्धी फिरवली होती. लायसन्स गेलं तर गेलं, दात आहेतच की." मागून नानांचा हात खांद्यावर आला.

"राहू दे."

"नाना, दोनला नेतायत तिला."

"कळलं. दार उघडलंस तर ती बाई आधी तुझी चौकशी करत बसेल, मग आपली. बस."

बसले. अठरा मिनिटं! तुम्ही कधी डॉक्टरला वाट बघताना पाहिलंय का? आयुष्यभर दुसऱ्यांना बाहेर बाकड्यावर बसवलेला माणूस तो. आईने पदराने नानांचं कपाळ पुसलं.

बरोबर एक चाळीसला बाई आल्या. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. पासपोर्ट पाहिले, चेहरे पाहिले, मग बोट नळकांड्याकडे.

"यात काय आहे?"

"नकाशा," नाना म्हणाले.

आता बघा, सीमा ओलांडून नकाशा नेणारा म्हातारा! बाईंनी झाकण काढायला लावलं, कागद पंखावर पसरला. जुना पिवळा पडलेला, आणि त्यावर जिना. सातव्या पायरीभोवती लाल पेन्सिलीचा गोल.

"हे काय आहे?"

"ही पायरी पाऊण इंच उंच आहे," नाना म्हणाले. "चूक माझी. माझ्या मेव्हणीचं दोन वाजता ऑपरेशन आहे, त्याआधी तिला हे सांगायचंय."

डॉक्टर आणि आईनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

बाईंनी विचारलं, "त्यांना माहीत नाही?"

"तिला माहीत आहे. मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही."

बाईंनी कागद गुंडाळून परत दिला. मग शिक्के मारले, तीन, पटापट, आणि म्हणाल्या, "मोठ्या गेटने जाऊ नका, टॅक्सी लवकर मिळत नाही. मागच्या दाराने जा." नियम एकही मोडला नाही हं तिने. फक्त हात जरा भराभर चालवला.

हॉस्पिटलला पोचले तेव्हा दोनला तीन मिनिटं कमी. मावशी ट्रॉलीवर, लिफ्टच्या तोंडाशी, डोक्याला हिरवी टोपी. आईने तिचा हात धरला. मग मावशीला दिसले नाना. नानांनी पाठ केलेलं वाक्य असणार काहीतरी, अकरा वर्षं केलेलं, पण तोंडातून निघालं एवढंच.

"धाकटे, पाऊण इंच."

लिफ्ट उघडली. वॉर्डबॉय म्हणाला, "चला." मावशीने त्याला बोटाने थांबवलं आणि नानांना म्हणाली, "भावोजी, मला एक इंच वाटत होता." आणि हसली. दार बंद झालं.

चार तास बाहेर बसले होते तिघं. नाना एका जागेवरून हलले नाहीत. झडप नीट बसली. दुसऱ्या दिवशी मावशी डोळे उघडून खाणाखुणा करायला लागली, तेव्हा नाना भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत होते म्हणे.

डॉक्टर परतला, पेशंट खोळंबले होते. आई-नाना महिनाभर तिथेच. मावशी घरी यायच्या आत नानांनी गवंडी लावला, सातव्या पायरीची फरशी उखडली, खालचा थर तासला, आपल्या हाताने पट्टी लावून मोजलं, आणि फरशी पुन्हा बसवली. जिना आता कसा, अगदी मापात. मग दोघं मोठ्या विमानाने परत आले, दोन ठिकाणी बदलत, आईच्या गुडघ्यांसकट. संपलं? डॉक्टरलाही वाटलं संपलं.

परवा मावशीचा फोन आला. अहो, अकरा वर्षं त्या घरातली माणसं सातव्या पायरीला पाय जरा जास्तच उचलत होती. सवय! आता पायरी बरोबर झाली आणि जावई पडला, दूधवाला पडला, आणि आदल्या दिवशी मावशी पडता पडता वाचली. "तुझ्या नानांना म्हणावं, या आणि होती तशी करून द्या."

नाना कपाटावरून नळकांडं काढायला स्टुलावर चढले. आणि डॉक्टरने लॅपटॉप उघडला आणि फॉर्म भरायला घेतला.