चिमुकल्या गाडीखालचं लिंबू

हसा खुशाल, पण त्या दसऱ्याला माझे हातपाय गार पडले होते. कलकत्त्यात मी एका मराठी डॉक्टरांची गाडी चालवायचो. आमची ही त्यांच्याकडेच स्वयंपाक करायची. डॉक्टरांनी खिदिरपूरच्या बाजारातून खेळण्यातल्या गाड्यांची दोन खोकी आणली आणि एकीच्या सांगाड्याला दुसरीची चाकं चिकटवून, महिनाभर खपून वीतभर गाडी बनवली. हिनं तिला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि दिली ढकलून. लिंबू तसंच राहिलं, चाक निखळलं.

"अगं, नोकरी घालवलीस!"

"नवी गाडी बिनलिंबाची कशी सोडायची?"

मागे वळतो तर दारात डॉक्टर! त्यांनी चाक उचललं, लिंबाकडे कितीतरी वेळ बघितलं.

"बाई, चाक मी चिकटवतो. तुम्ही तेवढं या गाडीच्या मापाचं लिंबू शोधा."