तालमीतला इराणी

— न्हाय, फरझाद हितं न्हाय. गेला की तो, मागंच गेला. बसा पावणं, चप्पल तेवढी भाईर काढा, तालीम हाय ही. मी आकाराम, हितला वस्ताद. कुठनं आला म्हणायचं? थांबा, सांगू नगा, मीच वळखतो. कपड्याला इस्त्री, काखंत बॅग, अन् आल्या आल्या पोराचं नाव — सरकारी दिसताय. आमच्या सरकारचं का त्येच्या इराणच्या? थांबा ओ, मी बोलतोय न्हवं!

इराणचं पैलवान कोल्हापुरात काय आजच आल्यात व्हय? मैदानाला येत्यात, कुस्ती मारत्यात, थंडाई पिऊन जात्यात. ह्यो फरझाद हितंच राह्यला, कारण तिकडं लढाई पेटली, इमानं बंद झाली. तिथल्या मौलवींच्या सरकारवर त्येचा लई राग. एकदा आखाड्याच्या कडंला बसून बोलून गेला — देव काय ह्यांच्या घरचा हाय का म्हणून. तेवढं धरलं आमच्या पोरांनी. अन् कोल्हापूरच हे, वाढदिवस आला की चौकात डिजिटल बोर्ड लागायलाच पायजे! लावला. ह्यो एवढा फोटो, खाली ‘धर्माच्या ठेकेदारांना चितपट करणारा आमचा फरझाद’. प्रेमानं लावला ओ, वाईट काय मनात न्हवतं. कुणी मोबाइलवर काढला, कुणी तिकडं धाडला, आई अंबाबाईलाच ठावं. आठवड्यात त्येच्या बापाला घरातनं उचलला. पोरगं परत आलं तर बापाला सोडतो म्हणत्यात. म्हंजे ह्याला फासावर देणार, आनी काय!

तुम्ही म्हणशीला, मग आपल्या सरकारनं काय करावं? रोज टीव्ही बघतो की मी. एक वरडतोय, बॉम्ब टाका त्येंच्यावर. दुसरा म्हणतोय, यवहार तोडा. तिसरा म्हणतोय, गप बसा, तेल लागतंय आपल्याला. आता बॉम्ब कुणाच्या घरावर पडणार? ह्याच्या आईच्या. यवहार तोडला तर औषध कुणाचं बंद? तिचंच. मौलवी उपाशी राहतोय व्हय? पर गप बसून तरी कसं चालंल? बोलत ऱ्हावं, दाब ठेवावा, अन् दारात आलेलं पोरगं त्येंच्या हवाली करू नये. एवढं जमत न्हाय व्हय दिल्लीला? मला जमतंय की! दोन महिनं झालं, वरच्या खोलीत —

होता म्हणतोय मी. होता.

अन् असं माडीकडं बघू नगा, सांगून ठेवतो. बॅगेत हात कशाला घालताय? हात भाईर! कागद असंल तर दावा, भितो काय मी? आणा हिकडं. हे — तिकीट? तेहरानचं? इमानं सुरू झाली व्हय परत? म्हंजे तुम्ही पोलीस न्हाय? स्टेशन रोडला तिकिटं काढून देता? मग मगाशीच बोलायचं न्हाय व्हय, भल्या माणसा! कुणी सांगितलं तुमाला हे काढायला?

त्येनं?

सोता आलता तुमच्याकडं?

आवं, सकाळी माझ्यासंगं जोर मारलं त्येनं. मग वाकून पाया पडला. म्या म्हटलं, आज काय रं सण हाय? तर नुसता हसला. वाटलं, बरं वाटतंय पोराला, बापाचं दुःख जरा इसरलं. मला कळलंच न्हाय ओ.

हळू बोला. जिन्यावर पाय वाजतोय त्येचा. ते तिकीट बॅगेत घाला आधी. घाला म्हणतोय न्हवं! उठा, अन् मागल्या दारानं निघा.